विचारलं तेवढंच

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. डाव्या गालाची दाढी झाली होती, उजव्या गालाला फेस लावलेला, आणि फोन वाजला. शालिनीवहिनींचा होता. त्या मला सहसा फोन करत नाहीत. काही काम असलं तर गल्लीतल्या कुणाकडून तरी निरोप पाठवतात. "भावजी, हे उठनात," एवढंच म्हणाल्या. मी टॉवेलनं फेस पुसला आणि तसाच निघालो. दिवसभर त्या अर्ध्या दाढीनं लोकांना भेटत होतो, गाडी ठरवत होतो, खांदा देत होतो. मिलिंदला ते तोंड दिसलं असतं तर त्यानं वर्षभर मला पिडलं असतं. "गार्डसाब, अर्धी गाडी मागं राहिली की तुमची," असं काहीतरी चारचौघांत म्हणाला असता. त्या दिवशी कुणीच काही म्हणालं नाही. मला स्वतःलाही संध्याकाळी आरशात बघितल्यावर कळलं, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

पुढं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, चार लोक बोलले. एक जण म्हणाला, मिलिंदराव विमानतळावर मोठे साहेब होते. दुसऱ्यानं त्यांना थेट पायलट करून टाकलं. तिसऱ्यानं 'पूर्णेच्या मातीतून गगनभरारी' वगैरे बरंच काही केलं. मी मागच्या खुर्चीवर दात आवळून बसलो होतो. मिलिंदनं जन्मात विमान चालवलं नाही. विमानात बसायलाही त्याला फारसं आवडायचं नाही. विमान धावपट्टी सोडून बाजूच्या चिखलात गेलं, की तिथं जाऊन ते का गेलं हे शोधायचं, हे त्याचं काम. आम्ही त्याला घसरलेल्या विमानांचा गँगमन म्हणायचो. ते काम त्यानं कसं केलं आणि त्या कामानं त्याचं काय केलं, हे आता मी आणि वहिनी सोडून कुणाला माहीत नाही. म्हणून हे लिहितोय. मी रेल्वेत गार्ड होतो; प्रत्येक फेरीला गाडी कुठं थांबली, का थांबली, हे लिहावं लागायचं, तेवढाच माझा लिहिण्याचा सराव.

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमची दोन्ही घरं एका भिंतीला लागून होती. त्यांच्याकडं फोडणी पडली की आमच्याकडं ठसका लागायचा. मिलिंदचे वडील किसनकाका पॉइंट्समन होते. जंक्शनचं गाव, मालगाड्यांचे डबे तोडायचे, जोडायचे, या रुळावरून त्या रुळावर न्यायचे, हे दिवसरात्र चालायचं, आणि रूळ वळवणारा तो जड लोखंडी दांडा ओढायचं काम काकांचं. एका पावसाळ्यात यार्डात मालगाडीचे दोन डबे रुळावरून उतरले. कुणाला काही लागलं नाही, नुसती ज्वारीची पोती चिखलात पडली. तो दांडा ढिला झालाय हे काकांनी आधी कळवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. चौकशीला साहेब आले. साहेब भला माणूस होता म्हणे. काकांना खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं विचारून झाल्यावर शेवटी म्हणाला, "किसन, तुला वेगळं काही करता आलं असतं का?" काका इमानदार माणूस. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "साहेब, परत एकदा वाकून बघितलं असतं."

झालं. तेवढं एक वाक्य पुरलं. ढिल्या दांड्याचं नाव निघालं नाही. काकांना खालच्या पदावर उतरवून चुडाव्याच्या पुढं एका फाटकावर बसवलं. तिथं ते रिटायर होईपर्यंत राहिले, रोज सायकलवर गेले नि आले. तक्रार कधी केली नाही. फक्त बोलणं तेवढं गेलं. काकी ताटात वाढून विचारायच्या, "मीठ बरोबर हाय का?" काका म्हणायचे, "हाय." भाजी करपलेली असली तरी ते करपल्याचं बोलायचे नाहीत, कारण काकींनी मिठाचं विचारलेलं असायचं. आम्ही पोरं हसायचो तेव्हा. मिलिंद हसायचा नाही.

त्या प्रकरणातनं सगळ्या क्वार्टर्सनं एक धडा घेतला. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका जुन्या गार्डनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "इन्क्वायरीत विचारलं तेवढंच बोलायचं. टायम विचारला तर टायम सांगायचा. पाऊस होता, हे त्यांनी विचारल्याबिगर सांगायचं न्हाई. किसनचं ध्यानात ठेव." मी ते ध्यानात ठेवलं. माझ्या नोकरीत मलाही तीनचार वेळा त्या खुर्चीवर बसावं लागलं आणि दर वेळी मी कोरडा बाहेर आलो. याचा मला काडीचाही पस्तावा नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात खाणारी तोंडं असली की माणसानं असंच वागावं, असं मला तेव्हाही वाटत होतं.

मिलिंदनं त्याच गोष्टीतून नेमका उलटा धडा घेतला. इंजिनिअर होऊन विमान दुरुस्तीच्या कामात काही वर्षं काढल्यावर तो तपासाच्या खात्यात गेला, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, की बाबा रे, चांगली नोकरी सोडून हे पंचनाम्याचं काम कशाला घेतोयस? तेव्हा तो म्हणाला, "अश्या, माझ्या बाबाचं काय चुकलं न्हाई. विचारणाऱ्यानं पहिल्याच उत्तराला फाईल बंद केली. परत वाकून बघितलं असतं… मग आधी का न्हाई वाकलास, हे विचारायला पाहिजे होतं का न्हाई? एकामागं एक गाड्या किती होत्या, दांडा किती हलत होता, सगळं बाहेर आलं असतं. बाबा खरं बोलला म्हणून तो दांडा सुधारायला पाहिजे होता. तर ह्यांनी बाबाच काढून टाकला." त्याला वाटायचं, की विमानाच्या तपासात असं होत नाही. तिथं शिक्षा करणारे वेगळे, कारण शोधणारे वेगळे. तिथं माणूस मोकळं बोलू शकतो. मी म्हणालो, "माणूस तिथला पण माणूसच असंल की." त्यानं मला वेड्यात काढलं.

गावात मात्र त्याच्या नोकरीचं मोठं गमतीचं झालं होतं. आमच्या परभणी जिल्ह्यात विमान दिसतं ते आभाळात, ठिपक्याएवढं. त्यामुळं मिलिंद सुट्टीला आला की लोक विचारायचे, "सध्या कुठं पडलंय?" काकी पोराच्या नोकरीचं नाव चारचौघींत काढायच्या नाहीत. मयताला जाणाऱ्याची नोकरी, असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आलेली बहुतेक प्रकरणं साधी होती. विमान उतरताना धावपट्टीच्या बाजूला गेलं, टोकाच्या पुढं गेलं, चिखलात रुतलं, चाक मोडलं, माणसं घाबरली आणि वाचली. तो म्हणायचा, अशी प्रकरणंच महत्त्वाची, कारण यात सांगायला माणसं जिवंत असतात. आता सांगितलं नाही तर पुढच्या वेळी सांगायला कुणी उरणार नाही.

त्याची एक रीत होती. चौकशीत तो कुणाच्या समोर बसायचा नाही. कागद, यंत्रं, मोजमापं सगळी खोलीत व्हायची, ती इंग्रजीत व्हायची, टेबलाच्या दोन बाजूंना बसून व्हायची. ते सगळं संपल्यावर तो त्या माणसाला घेऊन धावपट्टीवर चालायला जायचा. चाकं जिथं पहिल्यांदा टेकली तिथून जिथं रुतली तिथपर्यंत. आणि तिथं एखादा कट्टा, नालीचा कठडा, काहीही बघून त्याच्या शेजारी बसायचा, आमच्या फलाटावर दोन प्रवासी बसतात तसा, दोघांचीही तोंडं समोर. "समोर बसलं की माणूस वकील होतो," असं त्याचं मत. आणि मग तो तो प्रश्न विचारायचा. त्या साहेबानं त्याच्या बापाला विचारलेला प्रश्न. फक्त याला उत्तर खरंच हवं असायचं. "परत तसंच झालं तर वेगळं काय कराल?"

ज्या प्रकरणाबद्दल मला सांगायचंय ते विमान कुठलं, विमानतळ कुठला, हे मी लिहिणार नाही. पावसाळी दिवस होता, भर दुपार, विमान भरलेलं. धावपट्टीवर पाणी साचलं होतं. वर्षानुवर्षं विमानं उतरून टायरचं रबर तिच्यावर चिकटलेलं, ते वेळच्या वेळी खरवडून काढायला पाहिजे, ते काढलेलं नव्हतं. ओल्या शेणाच्या सारवणावर पाय जातो तशी चाकं गेली, ब्रेक लागेनात. शिवाय उतरताना विमान धावपट्टीला थोडं पुढं जाऊन टेकलं होतं. टोक ओलांडून ते खालच्या मातीत उतरलं आणि पुढचं चाक मोडून नाकावर बसलं. काही जणांची हाडं मोडली, जीव कुणाचा गेला नाही. विमानाचा कॅप्टन मराठी होता, पुण्याकडचा. मिलिंद त्याला घेऊन तो सगळा रस्ता चालला, चिखलातली चाकोरी संपते तिथं नालीच्या कठड्यावर दोघं बसले, आणि सगळ्या तपासात तो एकच प्रश्न मिलिंदनं मराठीत विचारला. कॅप्टननं आधी बुटाचा चिखल कठड्याला घासून काढला म्हणे. मग म्हणाला, "हे कुठं जाणार आहे?" मिलिंद म्हणाला, "तुमच्यावर उलटणार नाही. माझा शब्द आहे." तेव्हा कॅप्टन बोलला. "उतरणार नाही. परत वर नेईन. धावपट्टी दिसत होती… पण मन नको म्हणत होतं. मी मनाचं ऐकलं नाही."

हे त्यानं मला येलदरीला सांगितलं. वहिनींचं माहेर येलदरीचं. त्यांचे वडील तिथल्या वीजघरात होते. त्या वर्षी मिलिंद चार दिवस आला तेव्हा आम्ही सगळे तिकडं गेलो होतो. धरणाच्या खालच्या अंगाला तळलेले मासे खात बसलो होतो आणि तो मासा हातात धरून नुसता बोलत होता. मी त्याला इतका खूश कधी बघितला नव्हता. "अश्या, ह्या एका वाक्यासाठी मी ही नोकरी धरली. मन नको म्हणायलंय, तरी माणूस उतरतो. का? आधीची दोन विमानं उतरली होती म्हणून. परत वर नेलं की दर वेळी कंपनीला खुलासा द्यावा लागतो म्हणून. मागं दोनशे माणसं घड्याळ बघायलीत म्हणून. हे मी लिवणार हाय. अख्खं प्रकरण लिवणार हाय त्याच्यावर." मी म्हणालो, "कॅप्टनचं काय होईल?" तो म्हणाला, "काय होणार? मी शब्द दिलाय की." वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "खा आता, गार व्हायलंय."

त्यानं लिहिलं. अगदी तसंच, प्रकरणभर. मसुदा वर गेला आणि परत आला. 'मन नको म्हणतं तरी माणूस का उतरतो' हा सगळा भाग काढला होता. तो अंदाज आहे, पुरावा नाही, असा शेरा. रबराचं आणि साचलेल्या पाण्याचं शेवटी सूचनांमध्ये ढकललं होतं, लहान अक्षरात. कॅप्टनचं वाक्य मात्र ठेवलं होतं, पहिल्या पानावर, कारणांत. शंका आली असताना उतरला, असं त्यानं स्वतःच मान्य केलं आहे. मिलिंद भांडला. वरिष्ठांचं म्हणणं एवढंच, की यातलं एक वाक्य खोटं दाखवा. आणि खरंच, एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी त्याचीच होती. त्यानं सही केली. सही केली नसती तर दुसऱ्या कुणाची घेतली असती आणि सूचनासुद्धा गेल्या असत्या, असं तो मला सांगायचा… स्वतःलाही सांगायचा.

अहवाल बाहेर आला आणि दोनच दिवसांत कॅप्टनचं वाक्य टीव्हीवर होतं. कंपनीनं त्याला काढलं, परवाना गेला, पोलिसांत प्रकरण गेलं. शिक्षा करणारे वेगळे आणि कारण शोधणारे वेगळे, हे कागदावर खरंच होतं. पण वाचायला दोघांना कागद तोच होता. मिलिंद पुण्याला कॅप्टनच्या घरी गेला. बाईंनी दार उघडलं, ते घरी नाहीत म्हणाल्या. दाराशी पुरुषाचे बूट होते. मिलिंद खाली जिन्यात जाऊन बसला, तासभर, आणि उठून आला. मग पत्रं लिहिली, बरीच लिहिली. उत्तर आलं नाही. वर खात्यात अर्ज केले, की ते वाक्य ज्या विश्वासानं घेतलं तो मोडला आहे, अहवाल दुरुस्त करा. अर्जांना पोच मिळायची.

काही पावसाळे गेले आणि त्याच धावपट्टीवर दुसरं विमान घसरलं. सूचनांमधलं रबर तसंच होतं. या वेळी दोन माणसं गेली. मिलिंद तिथं गेला. विमानाचे दोन्ही वैमानिक जिवंत होते. टेबलावर सगळं झाल्यावर त्यानं त्यांच्यातल्या लहान असलेल्याला, सहवैमानिकाला, चालायला बोलावलं. तो आला, चालला, शेजारी बसला. मिलिंदनं प्रश्न विचारला. त्यानं मान न वळवता सांगितलं, "सर, आम्ही तुमचा मागचा अहवाल वाचलाय." बस. त्या प्रश्नावर पुढं तो एक अक्षर बोलला नाही. बाकी प्रश्नांना त्यानं विचारलं तेवढंच उत्तर दिलं, नम्रपणे, वकिलानं शिकवल्याप्रमाणं. ती दोन माणसं नेमकी कशानं गेली हे शेवटपर्यंत कुणालाच नीट कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मिलिंद मुदतीआधीच नोकरी सोडून पूर्णेला आला. क्वार्टर्स केव्हाच सुटले होते. त्यानं रुळांच्या पलीकडं घर बांधलं होतं, त्यात राहायला लागला. फलाटावरचे जुने लाकडी बाक काढून नवे पत्र्याचे बसवले तेव्हा भंगारात निघालेला एक हिरवा बाक त्यानं आणला आणि पडवीत ठेवला. तिथून कंपाउंडवरून गाड्या दिसतात. संध्याकाळी तो डाव्या टोकाला, मी उजव्या टोकाला. सुरुवातीला आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, "तुला सांगत होतो." तो म्हणायचा, "सगळेच गप बसले तर पुढची गाडी पण तिथंच घसरंल, गार्डसाब." मी म्हणायचो, "मग घसरू दे. बोलणाऱ्याची तरी घसरत न्हाई." आयुष्यभराचं आमचं हे भांडण. मग हळूहळू त्यानं भांडणं सोडलं. भांडणात मी जिंकलो होतो, आणि असलं जिंकणं मला नको होतं. मला तो उलट बोलायला हवा होता. मी मुद्दाम काहीबाही बरळायचो, रेल्वेची, सरकारची, त्याच्या खात्याची निंदा करायचो, आणि तो "हं" म्हणायचा.

शेवटच्या वर्षात तर तो हुबेहूब किसनकाका झाला. वहिनी चहा देऊन विचारायच्या, "साखर बरोबर हाय का?" तो म्हणायचा, "हाय." जाण्याच्या आधी चारेक दिवस त्याला बरं वाटत नव्हतं म्हणून वहिनी बळंच दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का. तो म्हणाला, नाही. धाप लागते का? नाही. ते खरंच होतं. दुखत होता तो डावा हात आणि जबडा. आठवडाभर दुखत होता. वहिनींना हे कळलं ते नंतर, त्याच्या उशाशी बामची नवी बाटली अर्धी संपलेली सापडली तेव्हा. "हाताचं त्यांनी विचारलं न्हाई, म्हणून हे बोलले न्हाईत," वहिनी मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र इतका राग आला की मी तिथून उठून गेलो. डॉक्टरचा नाही. त्याचाही नाही… त्या भल्या साहेबाचा आला असावा, ज्यानं काकांना खुर्ची दिली होती. तो जाऊनही आता जमाना झाला.

कॅप्टन आला तो कार्यक्रमानंतर. दुपारच्या गाडीनं आला, स्टेशनवर विचारत विचारत घर शोधलं. मी वहिनींकडं वीजबिलाचं बघायला गेलो होतो. दारात एक उंच, केस पिकलेला माणूस उभा. त्यानं नाव सांगितलं, आणि नंतर निघताना ते कुठं लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही. वहिनींनी पाणी दिलं. कुठं बसू, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी बाकाकडं हात केला आणि तो नेमका डाव्या टोकाला बसला. मी काही बोलणार होतो; वहिनींनी मानेनं नको म्हटलं. मी माझ्या टोकाला बसलो. समोरून एक मालगाडी जायला लागली. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही दोघंही तिकडंच बघत होतो.

"त्यांची पत्रं मिळाली होती मला," तो म्हणाला. "सगळी. उघडली नाहीत." मी म्हणालो, "बरं केलं." तो म्हणाला, "मला एकदा त्यांच्याशी भांडायचं होतं. नीट, समोर बसून. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं." मी म्हणालो, "समोर बसू दिलं नसतं त्यानं तुम्हाला." तो थोडा हसला. त्याला तो कठडा आठवला असणार. वहिनी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात टेकल्या. "आता काय करता तुमी?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, शिकवतो. विमानात नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींना. विमान घसरलं, धूर झाला, तर दारं कशी उघडायची, घाबरलेली माणसं बाहेर कशी काढायची. "चांगलं काम हाय की," वहिनी म्हणाल्या, आणि मला वाटलं, की चला, एवढं तरी झालं, याचं तरी काहीतरी बरं झालं.

तो कप हातात धरून रुळांकडं बघत होता. "हो," तो म्हणाला. "आणि शेवटच्या तासाला चौकशीचं शिकवतो. चौकशीला बोलावलं तर कसं बोलायचं." मग जरा थांबून म्हणाला, "विचारलं तेवढंच बोला, असं सांगतो त्यांना. पोरं आहेत ताई… त्यांना जपायला नको का?" जुन्या गार्डनं मला दिलेला मंत्र अक्षरशः त्याच शब्दांत त्या परक्या माणसाच्या तोंडून, मिलिंदच्या बाकावर, मिलिंदच्या जागी मी ऐकत होतो. दर वर्षी वर्गभर पोरं हे शिकून बाहेर पडणार, आणि ती सगळी शहाण्यासारखी गप्प बसणार. मिलिंदनं जन्मभर केलेल्या कामातून शेवटी एवढंच पुढं गेलं होतं. ते मी कुठल्या तोंडानं खोडून काढणार? तो जे सांगत होता ते मीच आयुष्यभर सांगत आलो होतो.

त्याला मी स्टेशनवर सोडून आलो. गाडी यायच्या आधी तो मला म्हणाला, "शब्द मोडला त्यांनी. पण देताना खोटा दिला नव्हता, एवढं मला कळतं." हे वहिनींना सांगू का, असं मी विचारलं. "तुमची मर्जी," तो म्हणाला. मी परत आलो तेव्हा वहिनी ओल्या फडक्यानं बाक पुसत होत्या. त्या रोज पुसतात. दोन्ही टोकांना फळ्यांचा रंग उडालाय, मधला हिरवा अजून तसाच आहे. मी त्यांना कॅप्टनचं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाकावर बसल्या, डाव्या टोकाला. मी माझ्या टोकाला होतो. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, रुळांकडं बघत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना वेगळं काय करता आलं असतं हो?"

मला एवढंच विचारलं होतं, आणि एवढ्याचंही उत्तर मला देता आलं नाही.